उभी बासरी : मैफलीच्या कुंपणाबाहेरचे एक वाद्य

१/
धाड हे बुलढाणा तालुक्यातले, वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमेवरचे गाव. होळीच्या सुमारास जवळच पिंपळगाव सराईला सैलानीबाबांची यात्रा भरते, तेव्हा या रस्त्यावरून माणसांची रीघ लागते. त्या गर्दीत एक माणूस हमखास दिसतो. खांद्यावर उंच काठी, काठीच्या टोकाला गवताचा पेंढा आणि पेंढ्यात चहूबाजूंनी खोवलेल्या बासऱ्या. त्यांपैकी एक तो स्वतः वाजवीत चालतो.

२/
नीट पाहिले तर लक्षात येते की तो बासरी आडवी धरीत नाही. टोक ओठांत धरून, सनईसारखी समोर धरून वाजवतो. आजचा धागा या उभ्या बासरीविषयी आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती आलेले पहिले वाद्य हेच असते, आणि संगीताच्या इतिहासाच्या पुस्तकांत ज्याला ओळभरही जागा मिळत नाही तेही बहुधा हेच.

३/
आधी रचना पाहू. पोकळ बांबूच्या एका टोकात लाकडाचे बूच बसवलेले असते. बूच आणि बांबूची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद फट ठेवतात. फुंक त्या फटीतून जाते आणि पुढे कोरलेल्या खाचेच्या धारेवर आदळते. हवा धारेच्या कधी आत, कधी बाहेर अशी झपाट्याने हेलकावते आणि नळीतली हवा गुणगुणू लागते. शिट्टीचे तत्त्व तेच आहे, फक्त येथे नळीला बोटांसाठी भोके पाडलेली असतात.

४/
आडव्या बासरीत ही फट नसते. तेथे फट वादकाच्या ओठांची असते. फुंक किती रुंद, किती तिरपी, धारेपासून किती दूर, हे सारे ओठ ठरवतात. म्हणूनच नवशिक्याला आडव्या बासरीतून पहिला सूर काढायला आठवडे लागतात, आणि जत्रेतल्या बासरीतून चार वर्षांचे पोरही पहिल्या फुंकरीला सूर काढते. हा फरक लक्षात ठेवावा. पुढचा सारा इतिहास या एका फटीतून निघालेला आहे.

५/
युरोपात याच जातीचे जे वाद्य आहे त्याला इंग्रजीत रेकॉर्डर म्हणतात. ध्वनिमुद्रणाशी त्या नावाचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्या क्रियापदाचा एक अर्थ ‘धून घोकणे, आळवणे’ असा होता. जर्मन लोक त्याला ब्लॉकफ्लोटे, म्हणजे बुचाची बासरी म्हणतात. फ्रेंच फ्लूट आ बेक, म्हणजे चोचीची बासरी. मला चोच हा शब्द फार आवडतो.

६/
मराठीत या घराण्याशी जोडलेला शब्द अलगूज. सिंध, पंजाब, राजस्थानात अलगोजा म्हणजे एकाच वेळी तोंडात धरायच्या दोन चोचीच्या बासऱ्या, बहुधा एक धुनेसाठी आणि दुसरी आधारसुरासाठी. मराठीत अलगूज एकेरी बासरीलाही म्हणतात. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ‘अलगूज’ही आहे आणि ‘पावा’ही. म्हणजे इंग्रजी अंमलाच्या आरंभी हे दोन्ही शब्द लोकांच्या तोंडी चांगले रुळलेले होते.

७/
मग प्रश्न असा की आपल्या रागसंगीताच्या मैफलीत आडवी बासरी आली आणि उभी बाहेरच का राहिली? ‘ती खेळण्यातली आहे म्हणून’ हे नेहमीचे उत्तर. शाळेत असताना एका संगीतशिक्षकांनी माझी जत्रेतली बासरी हातातून घेऊन खिडकीत ठेवली होती आणि अगदी हेच वाक्य उच्चारले होते. पण वाद्य खेळण्यात का गेले, हा तर खरा प्रश्न आहे.

८/
पुरावे आपल्या दाराशीच आहेत. धाडच्या पश्चिमेला त्याच डोंगररांगेत अजिंठा. तेथील पहिल्या लेण्यात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगवलेल्या महाजनक जातकात एक नर्तकी आहे आणि तिच्याभोवती वादक स्त्रियांचा मेळा. त्यांत बासरी वाजवणाऱ्या आहेत. बासरी आडवी आहे.

९/
छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांत सातव्या क्रमांकाच्या लेण्यात नृत्याचा एक अप्रतिम शिल्पपट आहे, काळ साधारण सहावे शतक. मध्ये नर्तकी, दोहों बाजूंना वादक स्त्रिया. तेथेही बासरी आडवीच. पुढे होयसळांच्या काळात, १२६८ च्या सोमनाथपूरच्या मंदिरात वेणुगोपाल उभा आहे. त्याच्या हातची बासरीही आडवीच.

१०/
यावरून ‘प्राचीन काळी उभी बासरी नव्हतीच’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. शिल्पकार आणि चित्रकार दरबाराचा, देवाचा, उत्सवाचा मेळा दाखवतात. गुराख्याच्या कमरेला काय खोचलेले होते, हे दाखवण्याचे त्यांना कारण नव्हते. शिवाय आडवी बासरी चित्रात शोभते. तिच्यामुळे मान कलते, कोपर उंचावते, देहाला बाक येतो. उभी बासरी वाजवणारा माणूस चित्रात काहीतरी चोखत असल्यासारखा दिसतो. हे गमतीने म्हणत असलो तरी त्यात थोडे तथ्य आहे.

११/
ग्रंथ काय म्हणतात? भरताच्या नाट्यशास्त्राच्या तिसाव्या अध्यायात सुषिर वाद्यांचा, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांचा विचार आहे. तेथे वंशावर, अर्थात बासरीवर श्रुती कशा काढाव्यात हे सांगितले आहे. बोट पूर्ण उचलले की चार श्रुतींचा स्वर, बोट कापवले की तीन श्रुतींचा, भोक अर्धे झाकले की दोन श्रुतींचा. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी अर्ध्या भोकाचे तंत्र शास्त्रात बसवलेले होते.

१२/
आता एक अत्यंत महत्त्वाचा ग्रंथ, आणि तोही आपल्याच मुलखातला. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत होते. शार्ङ्गदेवाकडे राज्याच्या हिशेबाचे खाते होते. या हिशेबनिसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा आजही त्याला आधारग्रंथ मानतात.

१३/
रत्नाकराचा सहावा अध्याय वाद्यांचा. त्यात वंशाचे अनेक प्रकार, फुंकण्याचे भोक आणि स्वरांची भोके यांतली अंगुळांनी मोजलेली अंतरे, फुंकेचे गुणदोष, वादकाचे गुणदोष, असे सारे तपशीलवार आले आहे. लेखक हिशेबनीस होता हे पानोपानी जाणवते.

१४/
आणि सुषिर वाद्यांच्या त्याच यादीत वंशानंतर लगेच दोन नावे येतात : पाव आणि पाविका. त्यांच्यामागून मुरली, मधुकरी, काहला, शृंग, शंख वगैरे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी देवगिरीत बसलेल्या शास्त्रकाराला ‘पाव’ हे वंशाहून वेगळे वाद्य आहे हे ठाऊक होते, आणि ते यादीत नोंदवण्याजोगे वाटले होते. आपला ‘पावा’ तो हाच शब्द.

१५/
येथे सावधगिरीची एक सूचना. नाव तेच म्हणून वाद्यही तेच, असे धरून चालू नये. संतांच्या गौळणींत कृष्णाच्या हाती कधी वेणू असतो, कधी मुरली, कधी पावा. चित्रात मात्र तो एकच आडवी बासरी धरून उभा असतो. कवीला यमक आणि माया सांभाळायची असते, वाद्याची रचना नव्हे. रत्नाकरातून निश्चित इतकेच हाती लागते की बासऱ्यांच्या कुळात प्रतिष्ठित आणि कमी प्रतिष्ठित असे भेद तेव्हाच पडलेले होते. वंशाला पाने मिळाली, पावाला मोजक्या ओळी.

१६/
पुढे गंमत अशी झाली की खुद्द वंशाचीच प्रतिष्ठा उतरली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या दरबारातील प्रमुख कलावंतांची यादी दिली आहे. त्यात तानसेन आहे, बीन वाजवणारे आहेत, सुरणा वाजवणारा आहे, मशहदहून आलेला नै वाजवणारा उस्तादही आहे. बासरीवादक म्हणून एकाचेही नाव नाही. बासरी देवळात, चित्रात, रानात होती. दरबाराच्या या मानाच्या पानावर मात्र नव्हती.

१७/
ती उत्तरेत मैफलीच्या मंचावर एकल वाद्य म्हणून प्रस्थापित झाली विसाव्या शतकात, आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने पन्नालाल घोष यांना जाते. जन्म १९११, बारिसाल, आजचा बांगलादेश. १९४० मध्ये ते मुंबईला आले, चित्रपटांसाठी काम केले, आणि १९४७ पासून अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकले. त्यांनी बासरीची लांबी सुमारे ३२ इंचांपर्यंत वाढवली, सातवे भोक जोडले आणि ख्यालाचा संथ आलाप पेलेल असा खर्जाचा आवाज तिच्यातून काढला. १९५६ मध्ये ते दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदाकडे गेले आणि १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईत त्यांची परंपरा त्यांचे शिष्य आणि जावई देवेंद्र मुर्डेश्वर यांनी पुढे नेली.

१८/
दक्षिणेत हेच काम त्याआधी कुंभकोणमच्या शरभ शास्त्रींनी केले होते. ते अंध होते आणि १९०४ मध्ये, वयाच्या बत्तिशीच्या आसपास वारले. पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

१९/
घोषबाबूंनी निवडली ती आडवी बासरी. उभी का नाही? येथे आपण त्या फटीकडे परत येतो. कुठल्याही बासरीत फुंक वाढवली की सूर थोडा चढतो, कमी केली की उतरतो. आडव्या बासरीवर वादक ओठ किंचित पुढे-मागे करून ही चूक तिथल्या तिथे दुरुस्त करतो. त्यामुळे तो एकच सूर कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत नेऊ शकतो, आणि सूर जागचा हलत नाही.

२०/
उभ्या बासरीत फट लाकडात कोरलेली आहे. तिला हलवता येत नाही. सूर ठाम हवा असेल तर फुंकेचा जोरही ठराविक ठेवावा लागतो. मींड घेता येते, बोट भोकावरून हळूच सरकवून ती निघते. पण ओठांची साथ नसल्यामुळे ती आडव्या बासरीइतकी सलग आणि खोल होत नाही. ज्या संगीताचा प्राण लहानमोठ्या आवाजात आणि दोन स्वरांमधल्या वाटेत आहे, त्याला हे वाद्य अपुरे पडले. म्हणजे कारण तुच्छतेचे नव्हते, रचनेचे होते. तुच्छता मागाहून आली.

२१/
आता थोडे बाहेर डोकावू, कारण युरोपात हीच कहाणी अगदी वेगळ्या क्रमाने घडली. तेथे चोचीची बासरी राजवाड्यात होती. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री वारल्यावर १५४७ मध्ये त्याच्या मालमत्तेची मोजदाद झाली, तेव्हा सत्तरहून अधिक रेकॉर्डर निघाले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये, म्हणजे आगरकरांनी ज्याचे ‘विकारविलसित’ केले त्या नाटकात, तिसऱ्या अंकात नट रेकॉर्डर घेऊन येतात. हॅम्लेट ते आपल्या मित्रापुढे धरतो : हे साधे वाद्य तुला वाजवता येत नाही, आणि मला वाजवू पाहतोस?

२२/
बाखने १७२१ मध्ये अर्पण केलेल्या ब्रांडेनबुर्ग रचनांपैकी दोन रचनांत रेकॉर्डर आहे. पण त्याच शतकात वाद्यवृंद मोठे झाले, सभागृहे मोठी झाली, आवाजाचा चढउतार ही संगीताची गरज बनली. आणि आडव्या बासरीने उभीला बाहेर काढले. कारण? तेच. लाकडात कोरलेली फट.

२३/
पुढे शे-दीडशे वर्षे रेकॉर्डर जवळपास विस्मृतीत गेला. मग लंडनमध्ये जुनी वाद्ये जमवणारे आर्नल्ड डॉल्मेच यांच्या कुटुंबाची एक पिशवी १९१९ मध्ये वॉटर्लू स्थानकावर हरवली. तिच्यात त्यांचा अठराव्या शतकातला रेकॉर्डर होता. हळहळत बसण्याऐवजी डॉल्मेच यांनी स्वतःच्या टिपणांवरून नवा घडवला, आणि नंतर घडवीतच राहिले. १९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या शाळांत तो शिकवला जाऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचे रेकॉर्डर आले आणि तो जगभरच्या शाळकरी मुलांच्या दप्तरात शिरला. दप्तरात शिरला, आणि तेथेही ‘मुलांचे खेळणे’ ठरला!

२४/
पण मैफलीबाहेर त्याचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. १९६७ मध्ये बीटल्सच्या ‘द फूल ऑन द हिल’ या गाण्यात पॉल मॅकार्टनी रेकॉर्डर वाजवतो. त्याच वर्षीच्या रोलिंग स्टोन्सच्या ‘रूबी ट्यूझडे’मध्ये तो ब्रायन जोन्सच्या ओठी आहे. १९७१ मध्ये लेड झेपलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’च्या आरंभी गिटारसोबत ऐकू येणारे रेकॉर्डर जॉन पॉल जोन्सने वाजवलेले आहेत. आवाजाचा चढउतार नसणे हा दोष ध्वनिक्षेपकासमोर उरत नाही. उलट तो सपाट, निरागस, किंचित थंड सूरच हवाहवासा वाटतो.

२५/
याहून बोलका दाखला दक्षिण आफ्रिकेचा. १९५० च्या दशकात जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर कृष्णवर्णीय मुले पत्र्याची स्वस्त उभी बासरी वाजवीत. रानात गुरे राखताना वेताच्या बासऱ्या वाजवण्याची सवय तेथे जुनीच होती; शहरात वेताची जागा पत्र्याने घेतली. वादक बासरी तोंडात किंचित तिरपी धरी, त्यामुळे सूर जाड आणि लवचीक होई. जी लवचीकता या वाद्यात नाही असे म्हणतात, ती रस्त्यावरच्या पोरांनी हिकमतीने मिळवली. या संगीताला क्वेला म्हणतात. १९५८ मध्ये ‘टॉम हार्क’ ही क्वेला धून ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली.

२६/
क्वेलाच्या पोरांना कोणी ‘खरे वाद्य शिका’ असे म्हणाले नसेल असे नाही. पण तेथे ध्वनिमुद्रण कंपन्या रस्त्यावर आल्या, त्यामुळे आज स्पोक्स मशियानेसारख्या वादकाचे नाव आणि सूर दोन्ही उपलब्ध आहेत. आपल्या यात्रांतल्या बासरीवाल्यांचे सूर कोणत्या संग्रहात शोधायचे?

२७/
तो माणूस काय करतो, हे एकदा थांबून ऐकावे. त्याच्या बासरीची भोके तापलेल्या सळईने पाडलेली असतात, पुष्कळदा सारख्या अंतरावर. सारख्या अंतरावरची भोके म्हणजे शुद्ध स्वरसप्तक नव्हे. एखादा स्वर चढा निघतो, एखादा उतरा. रेकॉर्डरला मागे अंगठ्याचे भोक असते, त्यामुळे वरच्या सप्तकात जाणे सोपे होते. या बासऱ्यांना बहुधा ते नसते. तरीही तो माणूस चालता चालता, गर्दीचा धक्का चुकवीत, सुट्टे पैसे मोजता मोजता चित्रपटाची अख्खी चाल बिनचूक वाजवतो.

२८/
कशी? अर्धे भोक झाकून. चढा स्वर फुंक आवरून खाली आणून, उतरा स्वर फुंक वाढवून वर नेऊन. म्हणजे जो गुण शास्त्राने दोष ठरवला, फुंकेबरोबर सूर हलणे, त्यालाच तो दुरुस्तीचे हत्यार बनवतो. आणि अर्धे भोक तर भरताच्या तिसाव्या अध्यायातले. त्याने नाट्यशास्त्र वाचलेले नाही. त्याच्या बोटांना ते येते.

२९/
मूल तीच बासरी वीस-तीस रुपयांना विकत घेते, घरी आणते, आणि तिच्यातून ती चाल काही निघत नाही. मग त्याला वाटते की बासरीवाल्याने आपली चांगली बासरी स्वतःजवळ ठेवली आणि आपल्याला फसवी दिली. हा संशय माझ्याही मनात कित्येक वर्षे होता. एका यात्रेत मी माझी बासरी परत नेऊन त्याच्या हाती दिली. त्याने ती सदऱ्याला पुसली आणि तिच्यावर तीच चाल वाजवून दाखवली.

३०/
म्हणून या धाग्याच्या वाचकांकडे एक मागणे. तुमच्या गावच्या यात्रेत किंवा बाजारात उभी बासरी विकणारा, वाजवणारा दिसला तर चार गोष्टी टिपून ठेवा : तो तिला कोणत्या नावाने ओळखतो, तिची लांबी, भोकांची संख्या आणि दोन भोकांतले अंतर. शार्ङ्गदेवाने अंगुळांनी मोजले होते. आपल्याजवळ पट्टी आहे. त्याची परवानगी घेऊन एक चाल ध्वनिमुद्रित करा, तारीख आणि गाव लिहा. आणि एक बासरी विकत घ्या, भाव न करता.

३१/
टिपणे या धाग्याखाली जोडा. सैलानीच्या यात्रेतल्या एका बासरीपासून आरंभ मीच करतो : सहा भोके, अंगठ्याचे नाही, बूच लाकडी. नाव विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, ‘बासरीच की, दुसरं काय!’